टेबलाचा शेवटचा हात

आमच्याकडे जेवायला आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी आमचं टेबल साफ करून बघतो. कोपऱ्यात, जिथे आम्ही मिठाची बरणी ठेवतो तिथे, बोटाच्या पेराएवढा एक लालसर ठसा आहे. सांबार सांडलं असावं असं वाटून सभ्य माणसं तो हळूच पुसायला जातात, कमी सभ्य माणसं नख लावतात. माझे मेहुणे तर एकदा ग्लासातल्या पाण्यात रुमाल बुडवून कामालाच लागले होते. ठसा जात नाही. तो टेबलावर नाहीच, आत आहे. त्याच्यावर पारदर्शक पॉलिशचे तीन हात चढलेले आहेत.

"दादा, राहू दे," माझी बायको मृणाल त्यांना म्हणाली. "ते आमच्या घरमालकीणबाईंचं बोट आहे."

दादांनी रुमाल खिशात घातला आणि उरलेलं जेवण जरा सांभाळूनच केलं.

ते बोट रुक्माक्कांचं. बेंगळूरच्या येलहंक्यातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्याने आहे. आम्ही मारतहळ्ळीचा फ्लॅट सोडून इथे आलो तेव्हा त्या सत्तरीच्या आत-बाहेर असतील. बुटक्या, ताठ, केसांत रोज मोगऱ्याचा वीतभर तुकडा, आणि आवाज असा की हॉलमध्ये बोलल्या तर गच्चीवर वाळत घातलेले कपडे ऐकायचे. त्यांचं घराणं बेंगळूरचं जुनं मराठी. "आमचे लोक चारशे वर्षांमागे घोड्यावरून आले, तुम्ही काल विमानातून उतरलात की," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितल्या होत्या. 'सांगितल्या होत्या' हे त्यांचंच मराठी. माझं व्याकरण त्यांच्या सहवासात थोडं दक्षिणेकडे सरकलं, आणि ते मी परत आणायचा प्रयत्न केलेला नाही.

रुक्माक्कांनी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ट्रंक कॉल जोडण्यात. त्या निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण एक्स्चेंज काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी 'पुणे'. मृणाल 'नागपूर'. आमची मुलगी मुक्ता इथेच जन्मली, म्हणून ती 'लोकल'. यात एक मानाची पायरी होती. खाली गूळ-खोबऱ्याचं काही केलं की लोकलला ताबडतोब मिळे, नागपूरला थोड्या वेळाने, आणि पुण्याने आपला नंबर लागेपर्यंत ताटकळायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा मोहन हुबळीला असे. त्यालाही त्या 'हुबळी' म्हणत, आणि तो चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप मुकाट्याने 'ओ' देई.

घराजवळून हवाई दलाची विमानं जातात. विमान आलं की रुक्माक्का वाक्याच्या मध्यात थांबत, चेहरा तसाच ठेवून, आणि आवाज दूर गेला की ज्या शब्दावर थांबल्या त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलू लागत. मी इतक्या वेळात विषय विसरलेला असे. त्या कधीच नाही. लाईनीत खरखर आली म्हणून कॉल सोडायचा नसतो, एवढं साधं होतं ते.

घर बघायला आलो त्या दिवशीचं आठवतं. ऑटोत माझं आणि मृणालचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आम्हा दोघांना सांगता येत नाही, म्हणजे महत्त्वाचंच असणार. रुक्माक्का व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आमची कागदपत्रं मागितली नाहीत, मी कुठे काम करतो ते विचारलं नाही. मी आपणहून ते सांगायला लागलो, माझ्या हुद्द्यासकट, तर त्यांनी हाताने मला थांबवलं आणि दोघांनाही नुसतं काहीतरी बोला म्हणाल्या. आम्ही पाणी चोवीस तास असतं का, गाडी कुठे लावायची, असलं काहीबाही विचारलं. मग त्या मृणालला म्हणाल्या,

"ऑटोत भांडलात की दोघं?"

मृणालने माझ्याकडे बघितलं, जणू मीच चिठ्ठी पाठवली होती.

"दोघंही वाक्याचं शेपूट तोडून बोलताय," रुक्माक्का म्हणाल्या. "सरी, ठीक आहे. घर दिलं तुम्हाला. भांडून पण एका ऑटोतनंच आलात."

माणसाच्या आवाजावरून त्यांना काय काय कळे याची मला तर भीतीच वाटायची. पण त्या कळण्याचा त्यांनी कधी बाजार मांडला नाही. "ऑपरेटरला ऐकू येतं, ऑपरेटर ऐकत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सबंध शहराची लग्नाची बोलणी, भावाभावांची वाटणीची भांडणं, दवाखान्यातून आलेले निरोप त्यांच्या कानांवरून गेले होते. त्यातलं एक अक्षर मी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी खूप प्रयत्न करून बघितला, हे कबूल करतो.

पहिल्या वर्षी मृणालला इथे करमत नव्हतं. मला ते माहीत नव्हतं. नवऱ्याला जे माहीत नसतं त्याची यादी फार मोठी असते, तीत हे एक. ती संध्याकाळी जिन्यात बसून आईशी फोनवर बोले आणि सगळं कसं छान चाललंय ते सांगे. एका सकाळी रुक्माक्का पिशवी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "नागपूर, काल लाईन फार स्वच्छ होती तुझी. इतकी स्वच्छ लाईन खरी नसते. चल माझ्याबरोबर बाजारात." त्या दिवसापासून दर शनिवारी त्या दोघी बाजारात जाऊ लागल्या. तिथे काय बोलत ते मला अजूनही ठाऊक नाही. पण महिन्याभरात मृणाल भाजीवालीशी कन्नडमध्ये वाद घालायला लागली, आणि त्यात हरली तरी हसत घरी यायला लागली. माझ्या संसारावर रुक्माक्कांचे जे उपकार आहेत त्यांची सुरुवात तिथे होते. हे मला कळायला आणखी दोन वर्षं लागली, पण तो वेग माझ्यासाठी चांगलाच म्हणायचा.

मोहन दर रविवारी फोन करी आणि दर रविवारी तेच म्हणे, आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. रुक्माक्कांचं उत्तरही ठरलेलं. नवरा गेल्यावर हे घर त्यांनी एकटीने सांभाळलं होतं, याच्या नळांचे आवाजसुद्धा त्यांना ओळखू येत. मुलाच्या घरी पाहुणी म्हणून आठवडाभर जायला त्यांना आवडे. आठवा दिवस आवडत नसे. एका गणपतीत सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी जाहीर करून टाकलं होतं: "माझं माझ्याच्यानं होईना त्या दिवशी मीच फोन लावीन. तोवर कुणी विचारायचं नाही." त्यानंतरही मोहन विचारत राहिला, कारण तो मुलगा होता. आणि त्या ऐकत नसल्यासारखं करत राहिल्या, कारण त्या ऑपरेटर होत्या.

आता टेबलाकडे येतो.

आमच्या घरी जेवायचं टेबल नव्हतं. मृणाल सोफ्यावर जेवे, मुक्ता पलंगावर पुस्तकासमोर, मी लॅपटॉपसमोर. रुक्माक्का एकदा ऐन जेवणाच्या वेळी वर आल्या, दारातच थांबल्या, आणि तीन खोल्यांतून आलेले वाट्यांचे आवाज ऐकून म्हणाल्या, "एका घरात तीन लाईनी. एकमेकांना लागत नाहीत की."

ते मला लागलं. सरळ दुकानात जाऊन टेबल आणावं, तर ते नाही. मी टेबल स्वतः करायचं ठरवलं. सॉफ्टवेअर तपासणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधणं. त्यामुळे आपल्याला कामही येत असेल असा समज होतो. मी व्हिडिओ पाहिले, सिल्व्हर ओकच्या फळ्या आणल्या, रंधा आणि करवत आणली आणि पावसाळाभर शनिवार-रविवार गच्चीवरच्या पत्र्याखाली घालवले. शेवटी चार पायांचं, सपाट, टेबलासारखं दिसणारं काहीतरी उभं राहिलं. एक पाय जमिनीपासून किंचित वर राहून विचार करत असे. त्याच्याखाली आजही पुठ्ठ्याची घडी आहे. पण लाकूड सुंदर होतं. फिकट गुलाबी, आणि त्यावर माशाच्या खवल्यांसारखी चमकणारी नक्षी. पॉलिश पेपरने घासून घासून ते इतकं मऊ झालं की मुक्ता त्याच्यावर गाल टेकवून बसायची.

उरलं फक्त पारदर्शक पॉलिश. रंग नको, लाकूड दिसायला हवं, पण ताकाचा ग्लास ठेवला तर त्यात पाणी मुरता कामा नये. इथल्या, बेंगळूरच्या शिवाजीनगरातल्या दुकानदाराने डबा दिला, चांगला ब्रश दिला, आणि पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळू द्या, मध्ये बारीक पेपरने हलकं घासा, असं सांगितलं. मी मान डोलावली. घरी आलो आणि डबा उघडण्यापूर्वी औषधाच्या बाटलीसारखा जोरजोरात हलवला. डब्यात फेस झाला, फेसाचे बुडबुडे टेबलावर आले आणि तिथेच वाळले. पत्र्याखालचा वारा बाकीचं बघून गेला. संध्याकाळी माझ्या टेबलावर बुडबुडे, धूळ, दोन चिलटं आणि कबुतराचं एक बारीक पीस काचेखाली मांडल्यासारखं दिसत होतं.

रुक्माक्का जिना चढून आल्या. लाकडातलं आपल्याला काही कळत नाही, अशी त्यांनी सुरुवात केली. ती सुरुवात ऐकली की समजायचं, पुढचा अर्धा तास गेला.

"डबा हलवलात?"

"थोडासा."

"ताक आहे का ते? पाकासारखं ढवळायचं की, हळू."

मग त्यांनी हुकूम सोडला की हे सगळं घासून काढा आणि टेबल खाली माझ्या हॉलमध्ये आणा. तिथे वारा येत नाही, पंखा मी बंद ठेवते. मी आणि मृणालने टेबल खाली उतरवलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तेव्हा आमच्या दोघांच्याही वाक्यांची शेपटं तुटायला लागली होती.

खालच्या हॉलमध्ये पहिला हात फार छान बसला. रुक्माक्का शेजारी खुर्ची टाकून पहारा देत. वाळण्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता: पापड, चुन्याची भिंत आणि रुसलेला माणूस, वरून कोरडे दिसले म्हणून हात लावायचा नाही. मग कधी लावायचा, असं मी विचारलं. "वास जाईल तेव्हा," त्या म्हणाल्या. "वास आहे तोवर आत ओल आहे." मी तासातासाने बोट लावायला जाई आणि त्या न बघता म्हणत, "पुणे, बोट मागे." न बघता. मला त्याचं कौतुक वाटे. काय अक्का आहेत, पाठ असली तरी कळतं. कौतुकापलीकडे माझं डोकं गेलं नाही.

दुसरा हात मी आयुधपूजेच्या सकाळी दिला, कारण त्या दिवशी सुट्टी होती. बेंगळूरमध्ये त्या दिवशी ज्याला म्हणून चाक, पातं किंवा बटण आहे त्याला हळदकुंकू लागतं. गल्लीतल्या बस, ऑटो, गिरणी, सगळे झेंडूच्या माळा घालून उभे होते आणि फाटकाफाटकासमोर कुंकू भरलेले कोहळे फुटले होते. रुक्माक्का दरवर्षी आपल्या जुन्या काळ्या टेलिफोनची पूजा करत. त्याची वायर केव्हाच कापलेली होती, पण त्याला फूल मिळे, मिक्सरच्या आधी मिळे. त्या वर्षी त्यांनी सांगितलं की पुण्याची हत्यारंही ठेवा. मृणालने टेबलाला लागून एक स्टूल ठेवलं आणि त्यावर रंधा, करवत, हातोडी, ब्रश असं मांडलं. टेबल ओलं होतं ते मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रुक्माक्कांना तर दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगितल्याबद्दल बोलणीही खाल्ली.

हॉलमध्ये उदबत्त्यांचा आणि कापराचा वास भरून राहिला होता. त्यात पॉलिशचा वास कुठल्या कुठे बुडाला.

रुक्माक्का एकेकाचं नाव घेत पुढे सरकत होत्या. टेलिफोन, मिक्सर, शिवणयंत्र. मग त्या आमच्याकडे वळल्या, हळदीत आणि कुंकवात बोट बुडवलं, नीट समोर बघितलं आणि म्हणाल्या, "हा रंधा."

आणि ते बोट टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवलं. ओल्या पॉलिशमध्ये, पेराएवढं, शांतपणे.

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मला त्यांचा चेहरा दिसला. बोटाला चिकट लागलं तशा त्या थांबल्या, विमान जाताना थांबत तशा. फक्त या वेळी वरून विमान जात नव्हतं. त्यांनी बोट उचललं, पदराला पुसलं, दुसऱ्या हाताने चाचपत स्टुलाची कड शोधली, आणि म्हणाल्या, "दिवा बारीक झालाय. लोकल, तेल घाल."

दिवा चांगला मोठा होता. मुक्ताने तरीही तेल घातलं. मृणालने माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या घरात त्या क्षणी तीन लाईनी एकाच वेळी लागल्या.

मग सगळं आठवायला लागलं. बातम्या शिळ्या असतात म्हणून बंद केलेलं वर्तमानपत्र. जिना चढताना कठड्यावरून न सुटणारा हात. मी दारात येऊन गप्प उभा राहिलो की, "कोण, बोला की," असं करडं विचारणं; मला वाटे हा त्यांचा रुबाब. माणसांना त्या इतक्या अचूक आवाजावरून ओळखत, की डोळ्यांनी ओळखत नाहीत हे कुणाच्या ध्यानातच येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. पुणे, खाली या, एकटेच.

त्या टेबलापासून लांब, खिडकीशी बसल्या होत्या.

"डाग पडला?"

"अगदी बारीक. घासला की जाईल."

"खोटं बोलताना तुमचा आवाज वर चढतो," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून, "मधलं दिसत नाही मला. कडेचं दिसतं. तुमच्याकडे बघितलं तर कान दिसतात. तोंड मी आवाजानं भरून घेते."

डॉक्टरांना दाखवलं होतं. आहे ते टिकवायचं, एवढंच त्यांच्याही हातात होतं. परवा दूध उतू गेलं ते दिसलं नाही, ऐकू आलं, असंही त्या सहज म्हणाल्या. हुबळीला माहीत आहे का, असं मी विचारलं.

"तुम्ही सांगायचं नाही. माझा कॉल मी लावणार. सगळ्यांसमोर बोललेय मी."

"कधी लावणार?"

"टेबल होऊ दे. मग लावते. हुबळी येईल, सगळे बसून त्याच्यावर जेवू, आणि मग जाते मी. टेबल अर्धं ठेवून कुठं जाऊ?"

वर येऊन मी मृणालला सांगितलं. ती तडक खाली गेली, आणि आम्ही आहोत ना, तुम्ही कुठेही जायचं नाही, असं बरंच काही बोलली. रुक्माक्कांनी तिचा हात हातात घेतला. "तू बघशील, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जायचं, नागपूर. मला कुणी बघायला लागलं की ही मी राहत नाही."

तिसऱ्या हाताआधी मी बारीक पेपर घेऊन टेबलाशी बसलो. डाग काढायचा तर तेवढा भाग लाकडापर्यंत घासावा लागणार होता. मृणालने माझ्या हातातून पेपर काढून घेतला, ठशाच्या भोवतालचं तेवढं स्वतः हलक्या हाताने घासलं, आणि ठसा सोडून दिला. मी तिसरा हात दिला. तो सुरेख वाळला. काम संपलं होतं.

मी चौथा हात दिला.

याचं सुताराच्या भाषेत काहीही कारण नव्हतं. टेबल झालं की फोन लागणार होता, आणि टेबल व्हायचं की नाही हे माझ्या हातात होतं. जो माणूस तासातासाला बोट लावून बघायचा, तो आता हवेत दमटपणा आहे, अजून दोन दिवस थांबू, असं म्हणायला लागला. रविवारी मोहनने मला फोन करून, आईचं कसं चाललंय, असं विचारलं. आवाज खणखणीत आहे, असं मी सांगितलं. माझा स्वतःचा आवाज किती वर चढला होता ते हुबळीला कळलं नाही, एवढंच बरं. पण रोज सकाळी खाली गॅस पेटल्याचा आवाज आला की मृणाल जिन्यात येऊन उभी राही, आणि तो नीट बंद झाल्याचं ऐकेपर्यंत आत येत नसे. ती झोपेतसुद्धा खालच्या स्वयंपाकघराकडे कान लावून असावी.

मी पाचवा हात दिला. तो वाळल्यावर पुन्हा पेपर काढून घासायला बसलो, तेव्हा रुक्माक्का खुर्चीतून उठल्या.

"पुणे, आता हा कितवा?"

"सहावा द्यावा म्हणतो. अजून जरा खरखरीत लागतंय."

त्या टेबलाशी आल्या. वाकून आधी वास घेतला. मग दोन्ही तळवे टेकवले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, इस्त्री फिरवावी तसे सावकाश फिरवले.

"कुठं?"

मी हातातला पेपर उलटा-सुलटा करत राहिलो.

"बोलणं संपलं की लाईन सोडायची," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता, अगदी हळू होता. "धरून ठेवली म्हणून बोलणं वाढत नाही. खरंच सांगते. पुष्कळ लोकांना बघितलंय मी, नुसती लाईन धरून बसलेले."

त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, घडी केली आणि ब्लाऊजमध्ये खोचला, जसे त्या नेहमी सुटे पैसे खोचत.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघांना खाली बसवलं आणि फोन लावला. बटणं स्वतः दाबली, चाचपून, न चुकता. "हॅलो, हुबळी? बेंगळूर बोलतंय." पलीकडून मोहन काहीतरी बोलला. "ते राहू दे. ऐक. माझे डोळे गेलेत स्वल्प. स्वल्प म्हणजे पुष्कळ. मी येते तिकडे राहायला. तू विचारलास म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून." मग बराच वेळ त्या पलीकडचं ऐकत होत्या. "मोहन, रडू नको रे. सगळं ऐकू येतंय मला," असं त्या म्हणाल्या, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मुलाला नावाने हाक मारताना ऐकलं.

मोहन बायको-मुलांना घेऊन आला. हॉलमध्ये माझ्या टेबलावर आठ माणसांचं जेवण मांडलं. होळगे, कोसंबरी, चित्रान्न आणि मृणालची नागपुरी वांग्याची भाजी. ती भाजी खाऊन हुबळीची मुलं पाणी पाणी करत होती. मी प्रत्येक भांड्याखाली जाळी सरकवत फिरत होतो. रुक्माक्कांनी साराचं गरम पातेलं मुद्दाम थेट टेबलावर ठेवलं आणि मी कळवळलो तेव्हा खुदकन हसल्या. एका टेबलाभोवती सगळे एकदम बोलत होते. रुक्माक्का डोकं किंचित कलतं करून बसल्या होत्या, कानाला जुने हेडफोन असावेत तशा.

पानं उचलली, टेबल पुसलं, तेव्हा मुक्ता बोलून गेली, "अक्का, तुमचं बोट अजून आहे यात. आम्ही घालवलंच नाही."

रुक्माक्का माझ्या दिशेने वळल्या. "जाईल म्हणाला होता की तुम्ही."

"राहू दिलं, अक्का."

"कुठं आहे?"

मी त्यांचं बोट धरून त्या ठशावर टेकवलं. बोट बरोबर बसलं. त्यांनी ते तिथे फिरवलं, पुढे, मागे, गोल. एकदा, पुन्हा एकदा. नखाची कड लावून बघितली. त्यांना जाऊ न देण्यासाठी मी दिलेले सगळे जास्तीचे हात त्या ठशावर चढले होते, काचेसारखे सपाट. आम्हाला सगळ्यांना तो दिसत होता. त्यांना तो हाताला लागणार नव्हता.

"काहीच लागत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोट उचललं.

"काहीच लागत नाही म्हणजे चांगलं झालंय की काम," रुक्माक्का म्हणाल्या. त्यांनी पदराच्या टोकाने तेवढाच कोपरा पुसला आणि मोहनला सांगितलं की उद्या लवकर निघायचं आहे, हे टेबल आत्ताच वर पोचवून दे. जिन्याच्या वळणावर ते पुन्हा अडकलं. खालून रुक्माक्का नुसत्या आवाजावरून, डावीकडे घ्या, पुणे, डावीकडे, असं सांगत राहिल्या, आणि त्यांनी सांगितलं तसं केलं तेव्हाच ते सुटलं.

सकाळी गाडी फाटकाशी लागली. काळा टेलिफोन त्यांनी काखेत धरला होता. मोहनने हात धरायला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारून गाडीचं दार स्वतः शोधलं. आम्ही तिघं फाटकात उभे होतो. बोलायला गेलं तर आवाज सगळं सांगून टाकेल, या भीतीने एकही जण बोलत नव्हता. आम्ही नुसते हात हलवत होतो. जोरजोरात, तिघंही, ज्या बाईला ते दिसत नव्हते तिच्यासाठी.

गाडी सुरू झाली. खिडकीतून रुक्माक्कांनी मान बाहेर काढली. मोगऱ्याचा तुकडा जरा तिरका बसला होता. त्यांनी आमच्या बाजूला कान केला.

"आहात की नाही? लाईन बंद पडली काय सगळ्यांची?"

आणि मग आम्ही तिघंही एकदम बोललो. मृणाल रडतच गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, मुक्ता हुबळीला येते म्हणाली, आणि मी काय म्हणालो ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

"एकेक बोला, एकेक," गाडी वळत असताना रुक्माक्का ओरडल्या. "क्रॉस कनेक्शन होतंय."